होडी मधोमध नको

खरं तर कॅमेरा नसतोच.
सपाट खेळात जग उलटं सरकतं.
होडी उजवीकडे निघाली की
खाडी, तिवरं, खांबांवरचे बगळे, सगळं
डावीकडे ओढलं जातं, पलंगावरच्या चादरीसारखं,
आणि आपण म्हणतो, कॅमेरा पुढे गेला.
हे मी दिवाळ्याच्या जेटीवर हसुरामकाकांना सांगितलं,
तर म्हणाले, "आमालाबी तसाच वाटतं गो, होरीन बसल्यावं."

त्याआधी तीन रात्री
बेलापूरच्या सेक्टर पंधरामधल्या खोलीत
मी एका थरथरीच्या मागे होते.
होडी चालली की तिच्या कडा थरथरायच्या,
हीव भरल्यासारख्या.
शेवटी सापडलं: होडी एका ठोक्यावर हलत होती,
कॅमेरा दुसऱ्या,
आणि मधे अर्धा पिक्सेल उरत होता
जो कुणाचाच नव्हता.
दोघांना एका ठोक्यावर आणलं. पहाटेचे पावणेचार.
खाली वॉचमनने पाण्याचा पंप सुरू केला.

मग दोर सैल सोडला.
होडी हलली की लगेच धावायचं नाही.
मधे एक न दिसणारी चौकट,
तिच्यात होडीने हवं तेवढं चुळबुळावं,
चौकटीबाहेर पडली तरच कॅमेऱ्याने उठावं,
तेही दर वेळी उरलेल्या अंतराचा
फक्त दहावा हिस्सा कापत.
जवळ येतो, पुरता पोचत नाही.
आईशी झालेलं भांडण मी असंच मिटवते.

मला वाटलं, झालं.

काकांनी फोन जाळ्याच्या ढिगाला टेकवला.
दातांत विणायची सुई,
अंगठ्याला खवले चिकटलेले, त्यामुळे स्क्रीन
कधी ऐकायची, कधी नाही.
दोन फेऱ्या मारल्या. मग सुई काढून:
"होरी मदोमद कनाला ठेवलीस?
मागं कवरं पानी दाखवतंस!
मागचं पानी कोन बगतं?
मानूस फुरं बगतं."

तिथेच बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप उघडला.
होडीचं तोंड जिकडे
तिकडे नजर तिसऱ्या हिश्शाने सरकवली.
होडी वळली आणि आख्खी खाडी
एका झटक्यात पलटी झाली.
काका हसले. शेजारच्या होडीतला पोरगाही हसला,
ज्याने तोवर काहीच पाहिलं नव्हतं.
वळण मऊ केलं. डोकं वळायला लागतो
तेवढा वेळ दिला.

"आणि थांबली की?" मी विचारलं.
"थांबली का मंग खाली.
जालं टाकल्यावं फुरं कोन बगतं?"

खाली.
खालची हद्द मी पाण्याच्या रेषेपासून
चार बोटांवर पक्की करून ठेवली होती,
त्याखाली मी काही काढलंच नव्हतं.
जिथे चित्र संपतं तिथे हद्द घालायची,
हे या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

आकडा पुसला.
होडी थांबली. कॅमेरा जड होऊन उतरू लागला.
पाणी वर गेलं, मग होडीचा तळ, एक दोरी,
दोरीचं अर्धवट टोक,
आणि मग राखाडी.
इंजिनाचं स्वतःचं, रिकाम्या जागेचं राखाडी,
जे खेळणाऱ्याला दिसू द्यायचं नसतं.

मी घाईने म्हणाले, काका, हे काढायचं राहिलंय,
इथे मासे येतील, शेवाळ, उजेडाच्या तिरिपा.
त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.
बराच वेळ.
"कनच्या तिरिपा? र्‍हाऊं दे.
बराबर हाय. खारीन असाच दिसतं."

सोमवारी श्रीरंगने चुकांच्या यादीत लिहिलं:
पाण्याखाली पार्श्वभूमी गायब. तातडीचं.
मी त्याखाली लिहिलं: तपासलं, बरोबर आहे.
कुणी तपासलं, हा रकाना रिकामा सोडता येत नाही.
हसुराम, लिहिलं.
आडनाव विचारायचं राहिलं होतं.